ओळंब्याची रेघ

चित्रपटगृहाच्या दर्शनी भिंतीवर चाळीस वर्षं ज्याची अक्षरं चढली, त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याच्या दोरीला लटकणारा ओळंबा जसा खोटं बोलत नाही, तशी याची रेघ. पट्टी न लावता, एका दमात दहा हात सरळ.

गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात थरथरत होता. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि त्या हाताला. निदान त्याची तशी समजूत होती.

तेव्हापासून तो फक्त भुताचेच फलक घेई. कौटुंबिक चित्रपट आला की त्याची कंबर धरायची, विनोदी आला की डोळे यायचे. भुताचा आला की गडी ठणठणीत. कारण भुताच्या फलकाची रीतच वेगळी. तिथं शिरोरेषा मोडायची असते, अक्षराचा पाय घसरवायचा असतो. लाल रंगात चिमूटभर काजळी मिसळायची, नाहीतर रक्ताचा टोमॅटो होतो. चेहऱ्यावर उजेड खालून पाडायचा. आणि भूत दाखवायचंच नाही. अर्धं उघडं दार काढायचं, दाराच्या कडेवर चारच बोटं. पाचवं बोट बघणारा आपल्यासोबत घरी नेतो.

अशा फलकात हाताची थरथर खपून जाई. खपून कसली, वाखाणली जाई.

त्या बुधवारी सकाळी ‘मागलं दार’चा फलक भिंतीवर उभा होता. शुक्रवारी चित्रपट लागायचा होता. ओळंबा शिडीवर, खाली त्याची सून रंग कालवत बसलेली. चित्रपटगृहाचे मालक पदपथावर खुर्ची टाकून बसले.

“काय अक्षरं काढलीस रे! माझ्याच अंगावर काटा आला. हात फिरवतोस तरी कसा?”

“सवय आहे, मालक.”

“आता खालची पट्टी टाक. मी इथंच बसतो. पुष्कळ दिवसांत तुझी सरळ रेघ बघितली नाही.”

खालची पट्टी म्हणजे ‘शुक्रवारपासून, रोज तीन खेळ’. पांढरी, ताठ, मुकाट. मालक जेवायला गेले की कडेनं चिकटपट्टी लावून उरकायचा ओळंब्याचा बेत होता. आता मालकांनी पायावर पाय टाकला होता.

“मामंजी, पांढरा घट्ट झालाय. थोडं थांबता का?” सून खालून म्हणाली. रंग मुळीच घट्ट नव्हता. ओळंब्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं, हिलाही ठाऊक आहे. कधीपासून, कोण जाणे.

त्यानं कुंचला बुडवला, श्वास धरला, रेघ सुरू केली. एक हात, दोन हात. तिसऱ्या हाताला मनगट उडालं आणि रेघेला कुबड आलं.

“हे काय? खाली पण भूत शिरलं की काय?” मालक हसले.

हो म्हणायचं, की सुटका. ‘यंदा खालीही तसंच काढतोय’ म्हटलं असतं तर मालकांनी मान डोलावली असती. शब्द जिभेवर आला. पण सून वर बघत होती. तिला त्यानंच शंभरदा सांगितलं होतं, वरचं नाव किंचाळतं, कारण खालची ओळ गप्प असते. दोन्ही किंचाळली तर रस्त्यावरचा माणूस भीत नाही, हसतो.

त्यानं बोळ्यानं रेघ पुसली. एकेक पायरी चाचपत खाली उतरला.

“मालक, माझा हात गेलाय. वर्ष झालं. वरची थरथर मी काढलेली नाही. ती आलेली आहे.”

मालकांचा पाय खाली आला. त्यांनी फलकाकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

“म्हणजे आधीचे तीन फलक...”

“तेही.”

मालक कोरडेपणानं म्हणाले, “आणि पट्टी? शुक्रवार काही पुढं जात नाही.”

ओळंब्यानं कुंचला सुनेपुढं धरला. “ही टाकेल.”

“हिनं कधी भिंतीवर लिहिलंय?”

“नाही.”

“घरी जुन्या वर्तमानपत्रांवर लिहिते,” सून म्हणाली. “रद्दीवाला ओरडतो, रंगलेली रद्दी घेत नाही म्हणून.”

कुणी हसलं नाही. तिनं बाह्या वर सारल्या आणि ती चढली. ओळंब्यानं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. वर कुंचला भिंतीपाशी गेला, थांबला, मागं आला. पुन्हा गेला, पुन्हा थांबला.

“मामंजी, शिडी सोडा.”

“पडशील.”

“कापतेय ती.”

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. सोडली. मालक खुर्चीवरून उठले, त्यांनी शिडी धरली.

ओळंबा मागं मागं सरकत रस्त्याच्या कडेला गेला, जिथं बघे उभे राहतात तिथं. रेघ निघाली तसा त्यानं श्वास धरला. एक हात, दोन हात. तिसऱ्या हाताला, त्याची मोडली होती तिथं, कुंचला क्षणभरही थबकला नाही. रेघ टोकाला पोचली तेव्हा त्याला श्वास सोडायची आठवण झाली.

शिडीखालून मालकांना काही दिसत नव्हतं. “ओळंबा, सरळ आली का रे?”

सून वरून वळून त्याच्याकडे बघत होती.

“शेवटाला केसभर वर चढलीय,” ओळंबा म्हणाला. “पुढच्या वेळी चढणार नाही.”