न बसवलेला हॉर्न

भूतखेत, नजर, करणी... यातलं मी काहीही मानत नव्हतो. असल्या हकिकती लिहिणारे सगळे पहिल्या ओळीत हेच सांगतात, मला ठाऊक आहे. पण माझ्या बाबतीत जे घडलं ते त्या न मानण्यापायीच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी मोटारींचा मिस्त्री. मुंबईत एका वर्कशॉपात आठ वर्षं हात काळे करून सोलापूरला परत आलो होतो. तीस सालचा मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाळीवेशीतल्या एका कापडवाल्या अप्पांनी मला बोलावलं. होटगी रस्त्याला त्यांचा बंगला, उजव्या हाताला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली एक विलायती मोटार — अकरा वर्षं विटांच्या थप्प्यांवर उभी! "धाकटीचं लग्न आहे अक्कलकोटला. नवरी याच गाडीतून निघाली पाहिजे," अप्पा म्हणाले.

गाडीची दशा बघवत नव्हती. गादीत उंदरांची बाळंतपणं झालेली, टायरांचा भुगा, इंजिन गच्च धरलेलं. सिलिंडरात रॉकेल ओतून चार दिवस ठेवलं, ठिणगी देणारा मॅग्नेटो काढून उन्हात वाळवला, क्लचचं कातडं एरंडेलात मुरवलं. पाचव्या दिवशी हँडल फिरलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. खोटं कशाला सांगू, स्वतःवर जाम खूश होतो.

शेडच्या दारात डबा उपडा टाकून सिद्दप्पा बसलेला असायचा. अप्पांचा जुना ड्रायव्हर. साठी उलटलेली, गुडघे पार गेलेले. रोज सकाळी एकच धोशा — "मिस्त्री, हॉर्न बसला का?"

हॉर्न कुठला बसतोय! त्याचा रबरी फुगा हात लावताच चुरा झाला होता. नवा मुंबईहून मागवलेला, पार्सलचा पत्ता नाही. पितळी कर्णा मी वर्तमानपत्रात गुंडाळून बाकावर ठेवला होता आणि आतली वाजणारी पट्टी वाटीभर रॉकेलात टाकली होती.

"हॉर्न बसल्याबिगर गाडी मागं घिऊ नगा," सिद्दप्पा म्हणाला. "तेवडं ऐका की."

"अहो मामा, शेडमधून अंगणात तर काढायचीय. दहा पावलं!"

"तवाबी धाच पावलं हुती."

मग त्यानं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी याच शेडमधून त्यानं हॉर्न न देता गाडी मागं घेतली. अप्पांची थोरली, चार वर्षांची, मागं भातुकली मांडून बसली होती... अप्पांनी त्याला कामावरून काढलं नाही. पण त्यानं पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. हे सांगताना तो माझ्याकडं नाही, जमिनीकडं बघत होता. मला फार वाईट वाटलं. तरी माझं तोंड कसलं गप्प बसतंय! "बरं, हॉर्न नसला तर मीच भों भों ओरडेन," मी म्हणालो. तो हसला नाही.

अक्षय तृतीयेला सकाळी दहाला गाडी बाहेर काढायचं ठरलं. पार्सल आलंच नव्हतं. अप्पांच्या पत्नीनं नारळ फोडला, पुढच्या दोन्ही चाकांपुढं लिंबं ठेवली. गाडी तर मागं जाणार, म्हणजे लिंबं चिरडणार नाहीत. मला ते दिसलं होतं. पण असल्या खुळात आपण कशाला बोला, म्हणून हसू दाबून गप्प बसलो. बोलायला हवं होतं.

हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, शेड धुरानं भरली. अप्पा आणि बाई खोकत ओसरीवर गेले. कापडी हुडाची मागची काच पिवळी पडून आंधळी झाली होती. मी सीटवर वाकून गिअरशी झटत होतो आणि ओरडायचं तर साफ विसरलो.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

भों... भों. दोनदा. स्पष्ट, अगदी कानाशी.

माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. आपला हॉर्न बाकावर पडलाय, तेव्हा हा आपला नव्हे. रस्त्यावरून कुणी गेलं असेल. बस्स. मी क्लच सोडला. मुरलेल्या कातड्यानं एकदम धरलं आणि गाडी उसळून मागं गेली.

चाकाखाली आलं ते लिंबू नव्हतं, हे सीटवरच कळलं.

धुराआड सिद्दप्पानं पुढची लिंबं उचलून मागच्या चाकांशी नेली होती. थोरलीच्या वेळचं काही पुन्हा नको म्हणून. एक ठेवलं होतं, दुसरं मुठीत होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"वाजवलासा न्हवं... दोनदा?" त्यानं विचारलं.

मी "व्हय" म्हणालो.

"लई बरं केलंसा. माज्या गुडघ्यानंच दगा दिला... उटता आलं न्हाय."

टांगा येईपर्यंत तो गेला.

मी बाकाकडं धावलो. कर्णा वर्तमानपत्रातच होता, सुतळीची गाठसुद्धा तशीच. पट्टी रॉकेलात. फुगा तर नव्हताच.

पोलीस आले. अप्पा आणि बाई, दोघांनी सांगितलं — हॉर्न दोनदा वाजला, आम्ही ओसरीवरून ऐकला, म्हाताऱ्याला उठता आलं नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं की चालकानं इशारा दिला होता. हॉर्न दाखवा, असं कुणीही म्हणालं नाही. मी खाली सही केली. नंतर समोरच्या वखारीत चार-चारदा विचारून आलो. त्या वेळी रस्त्यावरून एकही मोटार गेली नव्हती.

लग्नाला नवरी भाड्याच्या गाडीतून गेली. पार्सल चौथ्या दिवशी आलं. मी ते अजून फोडलेलं नाही.

तो हॉर्न कुणी वाजवला, मला आजही सांगता येत नाही. त्याला उठवायला वाजला की मला थांबवायला, तेही नाही. लोक अजून म्हणतात, मिस्त्रीची चूक नव्हती, बिचाऱ्यानं दोनदा हॉर्न दिला होता. मी दिला नव्हता. आणि सिद्दप्पा मात्र जाताना माझे आभार मानून गेला.