एकतीस शाली आणि एक शेवट

धनेश तरे याने 'गॅरेज नंबर चार' हे रॉक संगीतनाटक चार वेळा पाहिलं होतं आणि त्याचा शेवट एकदाही पाहिला नव्हता.

यात गूढ काही नव्हतं. प्रयोग ठाण्याला, रविवारी दुपारी चारला. धनेश भिवंडीत नारपोलीच्या एका यंत्रमाग कारखान्यात लूम फिटर, त्याची रात्रीची शिफ्ट आठला सुरू. वाटेत काल्हेरला ट्रकांची रांग लागली की मोटारसायकलही मुंगीच्या पावलाने सरकते, म्हणून सव्वासहाला उठावंच लागे. नाटक उशिरा सुरू होई, मध्यंतर लांबे आणि सव्वासहाला बरोबर तोच प्रसंग चालू असे: पाच जणांच्या बँडची गायिका रेवा हिचा आवाज बसलाय, स्पर्धा तासाभरावर आलीय, ती गळ्याला मफलर गुंडाळून गॅरेजच्या पायरीवर बसलीय. बाकीची वाद्यं थांबतात. एकटी गिटार सुरू होते. आणि धनेश लोकांच्या पायांना "जरा, जरा" करत रांगेतून बाहेर पडतो.

पुढे रेवा स्पर्धेला जाते की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कारखान्याचा मुकादम मुनीरभाई चहाच्या टपरीवर त्याच्याकडून नाटकाची गोष्ट ऐकत आला होता, हप्त्या-हप्त्याने. शेवटाची वेळ आली तेव्हा धनेशने शेवट ठोकून दिला. रेवा जाते, गाते, आवाज फाटतो तरी गाते. मुनीरभाईने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हे मला बघायचंय. कधी दाखवतोस?"

मग २००६ च्या डिसेंबरात धनेशने नाटकच गावाकडे आणायचा घाट घातला. वळ गावातल्या त्याच्या मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं. दरवर्षी ऑर्केस्ट्रा यायचा. त्याचा चुलतभाऊ दीपेश मंडळाचा अध्यक्ष. जमिनीवर गोदामं उभी राहिल्यापासून त्याच्या शब्दाला वजन आलं होतं. धनेश त्याच्या ओटीवर तीन संध्याकाळी बसला.

"इंग्लिश हाय का?" दीपेशने विचारलं.

"मराठी हाय. बाजा इंग्लिश."

"नाचायला येईल?"

"येईल."

"मग आण."

दिवस शुक्रवार ठरला, कारण शुक्रवारी लूम बंद. वेळ दुपारी तीन, म्हणजे मुनीरभाई जुम्म्याची नमाज उरकून येईल. नारपोलीच्या पुढचा लग्नाचा हॉल सातपर्यंत मिळाला. सातनंतर तिथे कुणाची तरी हळद होती. नाटक अडीच तासांचं. धनेशने बोटांवर हिशेब केला. साडेपाचला संपेल. दीड तास हातात.

चूक पुढे झाली, आणि ती सर्वस्वी त्याची होती. गावाला कशाला हवं रॉक नाटक? धनेश घरोघर फिरला आणि प्रत्येकाला एकच वाक्य बोलला: तुम्ही हातभार लावा, स्टेजवर तुमचा सत्कार करू. चिंधूशेठने जनरेटर दिला, रामनाथने खुर्च्या, तुळजाकाकीने दोनशे माणसांचा चहा, कुणी ट्रक, कुणी गालिचा, कुणी नुसतेच दोन पेडेस्टल पंखे. यादी एकतीस नावांची झाली. माणशी एक मिनिट धरलं तरी अर्धा तास, असं त्याने ठरवलं. आयुष्यभर सत्कार पाहूनही त्याने हे ठरवलं, याचं पुढे त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

सव्वातीनला पहिली शाल चढली. सूत्रसंचालनाला शाळेतले निवृत्त मास्तर होते. चिंधूशेठच्या जनरेटरआधी त्यांनी चिंधूशेठचे वडील सांगितले. रामनाथला शाल दीपेशच्या हातून नको होती, भिवंडीहून आलेल्या मेहुण्याच्या हातून हवी होती. मेहुणा पान खायला गेला होता, त्याला शोधून आणलं. तुळजाकाकी एकट्या स्टेजवर जायला लाजत होत्या, म्हणून चार सुना बरोबर गेल्या, आणि चार सुनांना नारळ नाही हे कसं दिसलं असतं. फोटोवाला प्रत्येकाला पुन्हा वळायला लावत होता.

पडद्याआडून मधूनमधून ड्रमवर एक टिचकी पडे. नाटक मंडळींचे व्यवस्थापक चांगदेव विंगेत उभे होते. धनेश त्यांच्याकडे तीनदा जाऊन आला.

"अजून किती?" चांगदेवांनी विचारलं.

"बारा."

"मघाशी दहा होते."

"सुना वाढल्या."

चौथ्या रांगेत मुनीरभाई पांढऱ्या कुडत्यात, अत्तर लावून बसला होता. त्याच्या शेजारची खुर्ची धनेशची. पलीकडे धनेशची बायको विनिता. ती म्हणाली, "बसा की आता. घरी जेवणावरनं उठता, इथे पण उठबस."

"सत्कार संपत नाही."

"यादी कोणी केली?"

धनेश बसला.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी पडदा उघडला. मध्यंतर रद्द झालं होतं. पहिल्या ड्रमलाच मागच्या रांगा उभ्या राहिल्या. मोटारसायकलच्या गाण्याला अख्खा हॉल नाचला, बायकासुद्धा. दीपेशने हात वर करून "परत" म्हटलं आणि नटांनी ते परत म्हटलं. मग आणखी एकदा. ज्याने खूश व्हायला हवं होतं त्या धनेशने घड्याळ पाहिलं. पाच चाळीस. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा त्याने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. गाव त्याच्या नाटकावर खूश होतं आणि गावाची प्रत्येक टाळी त्याच्या शेवटातली पाच मिनिटं खात होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी हळदीचा टेम्पो हॉलच्या दाराशी लागला. माणसं झेंडूच्या माळा घेऊन बाजूच्या भिंतींनी आत शिरली आणि शिडी लावून कामाला लागली.

सहा वीसला रेवा पायरीवर येऊन बसली. मफलर गुंडाळला. वाद्यं थांबली. एकटी गिटार सुरू झाली.

धनेशचे गुडघे सवयीने हलले. मग त्याच्या लक्षात आलं की आज कुठे जायचं नाही. तो पाठ टेकून बसला. मुनीरभाईने कोपराने ढोसलं: आता ना? धनेशने मान हलवली. आता.

रेवाने मान वर केली, तोंड उघडलं.

"रसिकहो, एक मिनिट," माईकवर आवाज आला.

दीपेश विंगेतून बाहेर आला होता. हातात शाल होती, नारळ होता. गिटार दोन सूर पुढे गेली आणि थांबली. "हळदवाले लवकर आलेत, हॉल सातऐवजी साडेसहाला सोडायचाय, म्हणून मधे येतोय. माफी असावी. पण ज्याने हे सगळं घडवलं त्याचंच नाव यादीत न्हाय. तो स्वतःचं नाव कसा घालेल? त्याला तसाच घरी पाठवला तर गावाला बोल लागेल. धनेश तरे, वर ये."

टाळ्या पडल्या. त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या.

"नको," धनेश बसल्या जागेवरून म्हणाला. "आधी नाटक होऊ दे." ते फारसं कुणाला ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना गेलं त्यांना तो विनय वाटला. दोघांनी काखेत हात घालून त्याला उठवलं. स्टेजवर रेवा पायरीवरच बसून होती, मफलर सोडून हातात घेऊन. मास्तरांनी धनेशच्या आजोबांपासून सुरुवात केली. अकरा मिनिटं लागली. फोटोवाल्याने दोनदा वळवलं.

तेवढ्यात हॉलच्या माणसाने ट्यूबलाइट लावल्या. चिंधूशेठच्या माणसाने जनरेटर बंद केला. त्याला गाडीवर चढवायचा होता. लोक उठले, बूट शोधू लागले, एकमेकांना सांगू लागले की असा कार्यक्रम गावाने पाहिला नव्हता.

धनेश शालीसकट चांगदेवांकडे गेला. "वीस मिनिटांचं तर राहिलंय. माईक नको, लाइट नको."

"ड्रम उतरवले, साहेब."

"मग नुसतं सांगा. ती जाते का?"

चांगदेव वायरची गुंडाळी करत होते. पाच प्रयोग पाहणारा माणूस असं का विचारतोय, हे त्यांना कळण्याचं कारण नव्हतं. "शेवट तोंडी सांगत नाही आम्ही. सगळा खेळ त्यावर आहे. परवा रविवारी ठाण्याला आहे की. चार वाजता. पुढच्या रांगेत बसवतो तुम्हाला."

रविवारी रात्रपाळी होती.

बाहेरच्या डीजेने हळदीचं पहिलं गाणं लावलं आणि हॉलच्या काचा थरथरल्या. कानाचा उपयोग संपला. मुनीरभाई दाराशी उभा होता, मध्ये माळा लावणाऱ्यांची शिडी. लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेली माणसं अशा वेळी ओरडत नाहीत. मुनीरभाईने ओठ मोठे करून, बोट गळ्याला लावून विचारलं: गायली ना ती? तू म्हणालास तशी?

धनेशच्या एका हातात नारळ होता. त्याने दुसरा हात वर केला. मग हात आडवा हलवला. माहीत नाही.

मुनीरभाईने भुवया चढवल्या. चार वेळा पाहिलंस ना?

धनेशने मनगटावर बोट आपटलं, मग नारळ काखेत धरून बोटांनी आठ दाखवले, मग हाताने लूम बंद-चालू करण्याची खूण केली. मुनीरभाईने समजून कपाळाला हात लावला, आणि हसला नाही.

शिडीवरचा माणूस खाली वाकून धनेशला सांगत होता की भाऊ, बाजूला व्हा, इथे पाट मांडायचाय.