गोजरबाईंच्या कागदावरचे इंग्रजी शब्द

दुसऱ्या नाल्यापर्यंत गोजरबाई तीनदा बसल्या होत्या. आता पुलाच्या कठड्यावर टेकून त्या पुन्हा धापा टाकू लागल्या, तेव्हा रेणुकाला बोलल्याशिवाय राहवलं नाही.

"मावशी, गावातून एसटी मिळते. फाट्यापर्यंत एवढं पायी तुडवायचं काऊन?"

"स्टँडवर बसलं की धा जण विचारतेत, मलकापूरले काय काम हाय वं? फाट्यावर कोण विचारते?"

दोन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि पाठोपाठ गोजरबाईंच्या रक्तात एचआयव्ही निघाला. गावात हे फक्त शेजारच्या रेणुकाला ठाऊक. ती अंगणवाडीची सेविका, बारावी झालेली, तोंडाची पक्की. गोजरबाई गोधड्या शिवून पोट भरायच्या आणि जेवण झालं की एक गोळी घ्यायच्या. लग्नात चुकली नाही, सुतकातही चुकली नाही.

अशा बाईनं गोळ्या सोडल्या आणि सात महिने कुणाला पत्ता नाही. परवा खोकून खोकून जीव घाबरा झाला, तेव्हा रेणुकाला समजलं.

झालं होतं असं. चैत्रात मलकापूरच्या सेंटरनं, जिथून गोळ्या मिळायच्या, रक्ताचा रिपोर्ट पहिल्यांदाच त्यांच्या हातात दिला. त्याआधीचे फायलीतच राहायचे. वर लिहिलं होतं, व्हायरल लोड. खाली, टार्गेट नॉट डिटेक्टेड.

"म्हंजे काय निघालं?" गोजरबाईंनी खिडकीत विचारलं होतं.

"विषाणू दिसत नाही. मस्त आहे! चला, पुढचे."

घरी आल्यावर कागद रेणुकानंही वाचला. अक्षरं जुळवून तिनं अर्थ लावला, म्हणाली, "चांगलं आलं मावशी," आणि देव्हाऱ्यापुढे हात जोडले.

रोग जाऊ दे, असा गोजरबाईंचा गावदेवीला नवस होता. तो गेलाच असं समजून त्यांनी खणानारळानं ओटी भरली. मूल झालं की बाया देवीपुढे पाळणा ठेवतात ना, तशी त्यांनी उरलेल्या गोळ्यांची बाटली तिच्या पायाशी ठेवली.

"नवस फिटल्यावर बी गोळी खाल्ली असती, तं देवीबयाले काय वाटलं असतं? हिचा भरोसाच नाही माह्यावर!" कठड्यावरून उठता उठता गोजरबाई म्हणाल्या.

रेणुकाला हसू आलं नाही. देवी तिचीही होती. तिला संताप आला तो त्या 'मस्त'चा. आणि त्याहून जास्त स्वतःच्या 'चांगलं आलं'चा. गोजरबाईंची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून ती फाट्याकडे चालू लागली.

सेंटरवर टेबलामागच्या बाईंनी फाईल उघडली. पानावर लाल शाईत तीन इंग्रजी अक्षरं होती: एलएफयू.

"हे काय लिहिलंय?" रेणुकानं विचारलं.

"उपचार सोडून गायब झालेला पेशंट. असे लोक आम्हाला बोल लावतात. समुपदेशन झालंय यांचं, हा बघा अंगठा."

"अंगठा नाही, सही हाय माही," गोजरबाई म्हणाल्या.

तिथे रेणुकाचा तोल सुटला. "सही घेतली, पण सांगितलं काय? 'दिसत नाही' एवढं बोलायला वेळ होता, 'गोळी सोडू नका' म्हणायला नव्हता? गायब कशा झाल्या? गाव तेच, घर तेच! लाल शाई सापडली, फोन नाही सापडला?"

बाजूच्या टेबलावरचा धम्मदीप नावाचा नवा समुपदेशक उठून आला. त्यानं गोजरबाईंना बसवलं आणि अगदी सावकाश सांगितलं. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्याचा आकडा. गोळीनं ते इतके कमी होतात की मशीनला सापडत नाहीत. पण ते संपत नाहीत, अंगात दडून राहतात. गोळी थांबली की पुन्हा वाढतात.

गोजरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हंजे गोळीच्या हातानं बयानं त्याले दाबून धरलं होतं, अन् तिचा हात मीच काढला?"

"तसंच म्हणा, मावशी."

"एवढंच होतं?" रेणुका म्हणाली. "एवढ्यासाठी सात महिने?" त्यानं फाईल उचलली आणि दोघींना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, टीबीसाठी थुंकी तपासायला दिली. गोळ्या आजपासून सुरू. पण त्या पहिल्यासारख्या लागू पडतील की नाही, ते आत्ताच सांगता येणार नाही, म्हणाले. गोजरबाईंनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. व्हरांड्यातल्या माठापाशीच नव्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पहिली गोळी गिळली.

मग बाकावर येऊन त्यांनी चैत्रातला तो कागद पिशवीतून काढला आणि मांडीवर सरळ केला.

"रेणुका, राग नको येऊ देऊ. तुले वाचता येत होतं, तरी तू चुकलीच ना?"

"चुकले मावशी."

"मंग आता कागद मीच वाचीन. आकडा कुठी राह्यते, हे अक्षर कोणतं, ते कोणतं, एवढं शिकव मले. मोटार येईलोक वेळ हाय. आत्ताच शिकव."