मेंढरं न बसणारी जागा

धाकटी जाऊ आणि इंजिनिअर मॅडम रस्त्याकडच्या रानात फिरत होत्या, तेव्हा मी बांधावर शेळीसाठी घास कापत होते. बघत नाही असं दाखवत सगळं बघत होते.

ते रान जावेचं. शिरूर तिथनं जवळ, म्हणून कारखान्यांतल्या लोकांसाठी तिथं चार इमारती व्हायच्या आहेत. जमिनीच्या बदल्यात जावेला पहिल्या इमारतीत दोन फ्लॅट मिळणार. मॅडम पंचविशीची पोर, पण तिच्यापुढं पुरुष माणसंसुद्धा खालच्या आवाजात बोलत होती. तिथं राहायला काही धोका आहे का ते तपासायला ती आली होती. वरून जाणारी विजेची लाईन, ओढ्याचं अंतर, सगळं ती विचारत होती आणि जाऊ धडाधड सांगत होती. आगीचा बंब आत वळेल का, यावर जाऊ म्हणाली, उसाची डबल ट्रॉली वळते, बंबाचं काय घेऊन बसलात. मॅडम हसली आणि तिनं ते लिहून घेतलं.

जावेचं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, हे मला फार लागलं. माझं बोलणं घरातही कुणी पुरतं ऐकत नाही. मी तरी कुठं पुरतं बोलते.

पण त्या रानाबद्दल मला जे ठाऊक होतं, ते जावेला ठाऊक नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींकडं अजून थोडी मेंढरं होती. माझं माहेर कवठे येमाईचं, तिथंही मेंढरंच, त्यामुळे संध्याकाळी वाघर लावायचं काम माझ्याकडं आलं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभी करायची जाळी. तिच्या मेखा मी ठोकायची. रस्त्याकडच्या रानात मधोमध एक सखल तुकडा होता. तिथं मेंढरं नेली की उभीच राहायची, खाली बसायची नाहीत. मेख वरची माती फोडून एकदा आत शिरली की लोण्यात जावी तशी जायची, आणि सकाळी उपसली की टोकाला ओला चिखल. भर वैशाखातसुद्धा. पावसाळ्यात तिथं खालून पाणी वर यायचं. त्याला आम्ही उपळ म्हणतो. मी मामंजींना सांगितलं, त्यांनी मेंढरं दुसरीकडं बसवायला सांगितली, विषय संपला. पुढं मेंढरं विकली, मामंजी गेले. रस्ता रुंद झाला तेव्हा त्या खळग्यात मुरूम पडून तो सपाट झाला. आता वरून काही कळत नाही.

मधल्या काळात दोघा भावांची वाटणी झाली. जाऊ तेव्हा बाळंतपणाला माहेरी, दौंडकडं होती. मी नवऱ्याला भाकरी वाढता वाढता एवढंच म्हणाले, कालव्याकडचं मागा, रस्त्याकडच्यात पाणी उपळतं. त्यांनी तसंच केलं. जावेला मी काही बोलले नाही. वाईट तुकडा तिच्या पदरात गेला म्हणून वर्षभर मनात खूश होते. आता माझ्या रानात कांदे येतात आणि तिच्या रानात इमारती येणार.

मॅडमनी चार कोपऱ्यांतली माती तपासायला नेली होती. मधली नेली नव्हती. मग इमारतींच्या जागा आखायला चुन्याची पांढरी फक्की मारली, तर पहिली इमारत नेमकी त्या सखल तुकड्यावर. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जावेच्या भिंतींना भेगा पडलेल्या, ओल चढलेली, असं काय काय डोळ्यांपुढं आलं.

दुसऱ्या दिवशी जावेनंच मला बोलावून फक्कीच्या आत उभं केलं. इथं स्वयंपाकघर, इथं न्हाणी, असं दाखवत गेली. मग वर बोट करून म्हणाली, आमच्या डोक्यावर अजून चार मजले, सगळी लेकराबाळांची माणसं. मी त्या बोटाकडं बघत राहिले. तोवर मी फक्त तिच्या भिंतींचाच विचार केला होता. चार मजल्यांचा भार मनात आलाच नव्हता.

मॅडम पुन्हा आली तेव्हा मी गोठ्यातली जुनी लोखंडी मेख घेऊन गेले. तोंडानं सांगायला जमलं नसतं. आधी कडेला ठोकली, वीतभर जाऊन खणकन थांबली. मग फक्कीच्या आत ठोकली. मुरूम फोडेपर्यंत घाम निघाला, आणि नंतर ती सरसर खाली गेली. उपसली. मॅडमनी टोकाचा चिखल बोटावर घेतला आणि पाणी कोणत्या महिन्यात वर येतं ते विचारलं. मी सांगितलं.

जाऊ मेखेकडं बघत होती.

"जाऊबाई, हे तुम्हाला कवापासून ठावं हाय?"

"मेंढरं होती तवापासून."

"म्हंजी वाटणीच्या आधीपासून."

"व्हय," मी म्हणाले.

मॅडम मान खाली घालून लिहीत राहिली.

नंतर मशीन आणून मधली माती खोलवर काढली. नकाशा बदलला. सखल जागी आता झाडं आणि ओढ्यापर्यंत पाणी काढून देणारी गटार होणार. पहिली इमारत पुढं सरकली, म्हणजे जावेचे फ्लॅट रस्त्याच्या तोंडावर, सकाळच्या उन्हाला आले. मॅडमच्या कागदावर, माहिती कुणी दिली त्या जागी, जमीनमालक म्हणून जावेचं नाव आहे. मी चौथी शिकलेय, तेवढं वाचता येतं.

जावेनं वाटणीचं कुणाला सांगितलं नाही. दीर अजून माझ्याशी पहिल्यासारखेच बोलतात. तिच्या जागी मी असते तर गावभर केलं असतं. एकदाच नळावर, दोघीच असताना, हंडा उचलता उचलता ती म्हणाली, "पुढच्या वाटणीला मेख माझ्याकडं द्या, जाऊबाई."

मी हसले. माझा हंडा नळाखाली सरकवला.

मेख परत गोठ्यात ठेवली आहे. फक्कीच्या नव्या रेघा माझ्या बांधावरून दिसतात. घास कापताना मी तिकडं पाठ करून बसते, तरी मान वळतेच.