चित्रात न दिसलेलं खारं पाणी

मी शिकलो तो मामीमुळे. रेवदंड्याच्या खाडीलगत तिचं घर. तिथे राहून मी अलिबागला कॉलेज केलं. घराण्यातला पहिला पदवीधर झालो तेव्हा तिने आळीत पेढे वाटले आणि मला म्हणाली, "आता इंग्रजीत खोटं बोलू नको म्हंजे झालं."

पुढे पुराच्या विम्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. शेतात पूर आला की नाही, हे उपग्रहाच्या चित्रांवरून संगणक ठरवणार होता. पंचनाम्याची वाट पाहायला नको. पण हे पुराचं पाणी आणि हे नेहमीचं, असं त्याला आधी चित्रांवर खुणा करून शिकवावं लागतं. आमच्या पट्ट्याची चित्रं माझ्याकडे आली, कारण मी इथला. खाडीला बांध घालून राखलेल्या खारजमिनीतल्या भातात लावणीनंतर पाणी उभंच असतं, हे बाहेरच्यांना कुठून कळणार? मी खाचरामागून खाचरावर 'नेहमीचं पाणी' अशी खूण करत गेलो. साहेबांनी कौतुक केलं. मी ते मामीला फोनवर सांगितलं. तिने बचतगटातल्या सगळ्या बायांना आमच्या कंपनीचा विमा घ्यायला लावला.

त्याच पावसाळ्यात उधाणाला खाडीचा बांध फुटला. खारं पाणी आठवडाभर भातात राहिलं, रोपं करपली. चित्रात मात्र आधीही पाणी, नंतरही पाणी. संगणकाने मी शिकवलं तेच सांगितलं: पूर नाही. म्हणजे भरपाईही नाही.

"विम्याच्या अटीत फक्त चित्र आहे," साहेब म्हणाले. "गावाने डोळ्यांनी पाहिलेलं धरता येत नाही."

गावी गेलो तेव्हा मामी आणि शेजारीण बांधावर उभ्या होत्या. शेजारीण मामीला म्हणाली, "काय गो, तुझ्या भाच्याच्या उपग्रहाला मीठ दिसत न्हाय व्हय?"

"वरून चव कशी लागंल त्याला," मामी म्हणाली. हसलं कुणीच नाही. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "गटाची बैठक हाय. काय चुकलं ते लिहून पाठव, मी वाचून दाखवीन. तोंडी सांगितलं तर म्हणतील, भाच्याला सांभाळून घेते."

परत आल्यावर लिहिलं ते असं:

मामी, हे सगळ्यांसमोर वाच. चूक माझी आहे. शेतातल्या पाण्याला नेहमीचं पाणी मीच ठरवलं. बांध फुटतो हे मला ठाऊक होतं, तुझ्याबरोबर मी तिथे माती टाकली आहे. पण खुणा करताना मला चांगल्या वर्षांचीच शेतं आठवली. भरपाईसाठी मी कंपनीकडे दोन अर्ज केले, दोन्ही नामंजूर झाले. आता काही मिळणार नाही. संगणकाला नव्याने शिकवू, असं साहेब म्हणतात, पण खारटपणा त्या चित्रांत दिसतच नाही. तो कसा शिकवायचा, मला माहीत नाही. बायांना पुन्हा विमा घ्यायला सांगू नकोस. मीठ धुऊन जमीन पुन्हा गोड व्हायला किती पावसाळे जातील, ते तुलाच कळतं. गणपतीला येईन. कुणी मला बोललं तर बोलू दे, मधे पडू नकोस.