बोरवडीचा सदर

बोरवडीचा कल्याणराव वाणी मोठा मानी माणूस. गावातलं एकुलतं दुकान त्याचं, मठात पहिला मान त्याचा, तंटा झाला तर सल्लाही त्याचाच. पण अठ्ठेचाळीस साली सगळंच फिरलं. निजाम म्हणायचा, हैदराबाद आझाद आहे. दिल्ली ते मानत नव्हती. त्या धामधुमीत बोरवडीकरांनी सरकारी पटवाऱ्याला हाकललं, चावडीवर तिरंगा चढवला आणि दवंडी दिली, आजपासून गाव मोकळं! कारभाराला अध्यक्ष, निजामी बोलीत सदर, निवडला तो सटवाजी. चारचौघांसारखा कुणबी.

कल्याणराव दुकान टाकून तडक निघाला.

"तुमच्या राज्याला मानायलंय कोण?" त्यानं चावडीपुढं सटवाजीला गाठलं. "दिल्लीला ठाव न्हाई, निजामाला कबूल न्हाई. जिंतूरच्या तहसिलीतला चपराशी तरी मानतो का?"

सटवाजी हसला. "आपुन मानलं की झालं, शेटजी. बाकीचे मानतील सावकाश."

आणि मानायला लागलेही. शेजारच्या गावची माणसं बांधाचं भांडण घेऊन सटवाजीकडं आली.

"लय सरळ निवाडा केला म्हनं," भाकरी वाढताना सिद्धम्मा नवऱ्याला म्हणाली. कल्याणरावानं ताट सारलं आणि उठला.

पुढं जिंतूरहून पोलीस आले. गडीमाणसांना चावडीपुढं उकिडवं बसवलं. सटवाजी त्यांतच होता, अंगावर मळकं धोतर, खाली मान.

"तुम्हारा सदर कौन है?" जमादारानं विचारलं.

पुन्हा विचारत त्यानं एका म्हाताऱ्यावर दंडुका उगारला. सटवाजीचं नाव कल्याणरावाच्या अगदी ओठावर आलं. एक शब्द, की काटा निघाला! पण तेवढ्यात दुसरा विचार डोक्यात शिरला. आता हे नाव परभणीला जाणार, तिथून हैदराबादला. म्हणजे खुद्द निजामाचं सरकार सटवाजीला बोरवडीचा सदर मानणार! हे मात्र त्याला सोसवेना. तो ताडकन उभा राहिला.

"सदर मी हाय."

सटवाजीही उठू लागला. जमादारानं कल्याणरावाचं जरीचं पागोटं बघितलं, कानातली भिकबाळी बघितली आणि सटवाजीला दरडावून खाली बसवलं.

परभणीच्या तुरुंगात कल्याणरावानं मार खाल्ला, पण जबाब बदलला नाही. सप्टेंबरात हिंदी फौज आली, निजामाचं राज्य संपलं, तो सुटला. गावानं वाजतगाजत वेशीतून आणला. सटवाजीनं पाय धरले.

"माझ्यावरचं तुमी अंगावर घेतलं, शेटजी."

घरी आल्यावर सिद्धम्मा डोळे पुसत म्हणाली, "सटवाजीसाठी एवढं सोसलं तुमी!"

"त्याच्यासाठी कशाला?" कल्याणराव उसळला. "तिथं शिपाई बी मला सदर म्हनायचे. त्याला म्हनलं असतं का कुणी?"



दुसऱ्या दिवशी दोन भाऊ भांडत दुकानाशी आले. कल्याणरावानं लगबगीनं गादी झटकली.

"बसत न्हाई, शेटजी," थोरला म्हणाला. "सटवाजी घरी हाय का, तेवढं सांगा."

कल्याणरावानं दुकानाला कुलूप घातलं आणि, सटवाजी निवाड्यात कुठं चुकतो का हे बघायला, त्यांच्या मागोमाग निघाला.