तानूआत्याचे सोमवार

बंदर कुठलंही असो, खाली उतरल्याबरोबर टॅक्सीवाल्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : "इथं जवळपास गाय कुठं भेटेल?" बाकीचे प्रवासी गळ्यात कॅमेरे अडकवून राजवाडे आणि चर्चेस बघायला निघालेले असत. मी, बोटीचा डॉक्टर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात, हातात ॲल्युमिनियमचा डबा घेऊन एका ठेंगण्या, नऊवारीतल्या बाईच्या मागं फरफटत चाललेला असे. डब्यात चुरमा. तो गाईला घालायचा. गाय भेटेपर्यंत बाई बोटीवर परत यायला तयार नसत. या बाई म्हणजे माझी सख्खी आत्या, तानूआत्या. आम्ही दोघांनी मिळून बोटीनं जगाची प्रदक्षिणा केली, आणि तुम्ही तिथं काय काय पाहिलंत असं कुणी विचारलं की मला अजूनही पटकन उत्तर देता येत नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील फौजेत. आत्या लग्नानंतर दोन वर्षांतच कपाळ पुसून माहेरी आलेली. तिनं मला वाढवलं ते म्हशीच्या दुधावर आणि शिव्यांवर. पुढं मी डॉक्टर झालो. वडिलांनी सांगलीत विश्रामबागेत घर बांधायला काढलं तेव्हा आत्यानं गवंड्याच्या उरावर बसून पुढची खोली दवाखान्यासाठी काढून घेतली. रस्त्याकडं वेगळं दार, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, पेशंटांना बसायला बाहेर कट्टा. सगळं झालं, आणि मी बोटीवर नोकरी धरली. वडील वारले, तरी ती खोली तशीच. चांगले भाडेकरू दारावर यायचे, आत्या त्यांना हाकलून द्यायची.

रजेवर गेलो की रोज तेच. "पान्यावर कसलं रं आजारी मानूस? आजारी मानूस घरात असतंय." ऐकून ऐकून माझं डोकं पिकायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या कंपनीत डॉक्टरला जगप्रवासाच्या फेरीवर घरचं एक माणूस बरोबर न्यायची मुभा असे. बायको मला नव्हती. म्हटलं, आत्यालाच नेऊ. बोट बघेल, माझं काम बघेल आणि पिच्छा सोडेल. निघायच्या आधी तिनं एकच चौकशी केली.

"बोटीवर सोमवार असतोय न्हवं?"

"असतो की! सोमवार काय एकट्या सांगलीला दिलाय?" मी म्हटलं. हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

कारण आत्यानं सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं. दर सोमवारी दिवसभर कडकडीत उपास. संध्याकाळी कणीक, तूप आणि गूळ घालून चुरमा करायचा. त्याचे तीन भाग : एक देवाला आणि आपल्याला, एक चार लोकांना, एक गाईला. ओळीनं सोळा सोमवार झाले पाहिजेत. मधला एक जरी चुकला तरी आधीचे सगळे वाया. व्रत कशासाठी आहे हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या लग्नासाठी असणार असं मी धरून चाललो होतो. विचारलं असतं तर आटपाडीपासून इस्लामपूरपर्यंतच्या मुलींची नावं ऐकावी लागली असती.

मुंबई सोडली आणि माझ्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली. आमची बोट म्हणजे सात मजली हॉटेलच. सकाळी वरच्या डेकवर आरामखुर्च्या मांडलेल्या, त्यांत गोरे म्हातारे-म्हाताऱ्या उन्हाला पडलेल्या. पोहायचा तलाव, दुपारी पत्ते, संध्याकाळी बँड, जेवायला सूट-बूट. आत्या डेकला गच्ची म्हणायची. त्या गच्चीवर तिनं दुसऱ्याच दिवशी पायऱ्यांच्या लोखंडी कठड्याला लुगडं वाळत घातलं. चारही टोकांनी फडफडणारं ते निळं लुगडं बघून एका आजीबाईंनी मला विचारलं, आज कुठल्या देशाचा सण आहे? तलावाकडं बघून आत्या म्हणाली, "एवढा समुद्र भवती असून ह्यास्नी डबकं कशाला लागतंय?" माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर तर ती रोज ठाण मांडून बसायची. पेशंट आत जायच्या आधी त्याची जीभ बघायची.

सोमवारी दुपारी मात्र तिला भटारखाना लागायचा. गोव्याचा मुख्य स्वयंपाकी आधी माझ्यावर चिडला. मग आत्यानं आणलेल्या सांगलीच्या गुळाचा खडा त्यानं तोंडात टाकला आणि तिला एक शेगडी कायमची देऊन टाकली. संध्याकाळी ती चुरम्याची ताटली घेऊन फिरायची. पहिला मान कप्तानाचा. सहा फूट उंचीचा, लाल दाढीचा तो माणूस, बोटीवरचे सगळे त्याला टरकून असत. आत्या त्याच्या तळहातावर चुरमा ठेवायची आणि म्हणायची, "उजव्या हातानं खा रं बाबा." तिसऱ्या सोमवारपासून तो आपण होऊनच उजवा हात पुढं करू लागला.

देवाचा आणि लोकांचा भाग असा मार्गी लागायचा. गाईचा भाग डब्यात साठायचा, आणि मग बंदर. मोंबासाला गोदीबाहेरच गुरं चरत होती. आत्या खूश. "बघ, उगंच घाबरवत हुतास." नेपल्सला टॅक्सीवाल्याला माझं बोलणं अर्धवटच कळलं आणि त्यानं आम्हांला थेट खाटकाच्या दुकानापुढं नेऊन उभं केलं. आत्याला मी गाडीतच बसवून ठेवलं आणि दुकान बंद आहे असं सांगितलं. त्यानंतर तासभर डोंगरात भटकून एक गाय मिळाली, तर तिची मालकीण डब्याकडं बघून काठी घेऊन धावत आली. आत्यानं तिला मराठीतून असं काही झापलं की बिचारी स्वतःच गाईचं दावं धरून उभी राहिली. बार्बाडोसला उसाच्या फडाच्या बांधावर गाय बांधलेली होती. चुरमा घालून झाल्यावर आत्या फडात घुसली. कांडं मोडून, चावून, थुंकून म्हणाली, "ऊस जाड हाय, पन गोडीला न्हाई. कारखान्यानं घेतला नसता." तिकडं किनाऱ्यावर आमच्या बोटीचे प्रवासी नारळाच्या झाडाखाली सरबत पीत बसले होते आणि मी त्या फडाच्या मालकाची माफी मागत होतो.

सान फ्रान्सिस्कोला तर मी हात टेकले. तिथं बाहेरचं अन्न किनाऱ्यावर न्यायला बंदी. तपासनिसानं डबा उघडला, वास घेतला. हे काय? गाईचं खाणं. कुठल्या गाईचं? मी म्हटलं, कुठल्याही. त्यानं माझ्याकडं, मग माझ्या गणवेशाकडं बघितलं आणि डबा कचऱ्याच्या पिंपात उपडा केला. आत्या संतापली. "खाल्लं असतंस तर मी काय न्हाई म्हनलं नसतं. क्येरात टाकलंस व्हय रं?" होनोलुलूला डबा कुणी उघडून बघितला नाही, तेव्हा तिथल्या गाईला दुप्पट चुरमा घालून तिनं तो भाग भरून काढला. त्या दिवशी मी तिला म्हटलं, "आत्या, पुन्हा तुला घेऊन कुठं जायचं झालं तर विट्याच्या पुढं नेणार नाही." ती म्हणाली, "मी तरी कुठं म्हनते, ने म्हनून?"

होनोलुलू सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी कपडे धुणाऱ्यांतल्या एका पोराचं अपेंडिक्स सुजलं. किनारा लांब. कप्तानानं बोटीचा वेग उतरवला आणि मी ऑपरेशन केलं. पुढचे तीन दिवस मी त्या पोराजवळच होतो. आत्या बाहेरच्या बाकावर. एरवी चालणारं तिचं तोंड बंद होतं. मला वाटलं, उपासानं थकली असेल.

पोरगा उठून बसला त्या संध्याकाळी कप्तानानं आम्हांला जेवायला बोलावलं. जेवता जेवता तो सहज म्हणाला, की येत्या सोमवारी आम्ही वाररेषा ओलांडणार. मुंबईहून पश्चिमेकडं जाताना आम्ही घड्याळं तासातासानं मागं घेत आलो होतो. ते जादा मिळालेले सगळे तास मिळून एक दिवस होतो, तो या रेषेवर सोडून द्यावा लागतो. रविवारी रात्री झोपायचं आणि उठायचं ते एकदम मंगळवारी.

आत्याचे तोवर अकरा सोमवार झाले होते. मी तिला समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं.

"सोमवार न्हाई म्हंजे?" तिनं ताट सारलं. "तूच बोलला हुतास, समदीकडं असतोय म्हनून. आन् सोडायचा तर रविवार सोडा की! रविवारी कोन काय करतंय?"

कप्तानाला हे सांगावंच लागलं. त्यानं विचारलं, हे व्रत आहे तरी कशासाठी? मी तो प्रश्न आत्याकडं सरकवला. आत्यानं माझ्याकडं बोट केलं.

"सांग त्येला. ह्यो माझा पोरगा बोटीवरनं उतरून घरला यावा म्हनून. सांग की!"

आता आली का पंचाईत! माझी नोकरी सुटावी म्हणून चाललेला नवस माझ्याच वरिष्ठाला मीच इंग्रजीतून सांगायचा. तरी शब्दाला शब्द सांगितलं. कप्तान टेबलावर हात आपटून हसला. म्हणाला, मग तर मी सगळेच सोमवार रद्द करतो, मला दुसरा डॉक्टर कोण आणून देणार? पण हसता हसता तो थांबला. म्हातारीकडं बघितलं. मग म्हणाला, "तारीख बदलायची ती एक दिवस इकडंतिकडं केली तर बोट बुडत नाही. त्यांना सांगा, मी मंगळवार सोडतो. सोमवार ठेवतो."

मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या. जगभर मला गाईंमागं पळवलं ते यासाठी! तरीही त्याचं म्हणणं मी तिला नीट सांगितलं. आता उठून कप्तानाची अलाबला घेईल, असं मला वाटलं. तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

"न्हाई म्हनावं," ती म्हणाली. "त्येचा मंगळवार त्येला ऱ्हाऊ दे. सोमवार जाऊ दे."

"आत्या, अगं अकरा झालेत!"

"मला कळतंय की. मोजलेत मी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला वाटायचं, माझं पोरगं हितं अडकलंय. त्येला सोडवायचं. तीन दिस बगितलं तुला, त्या पोराजवळ. अडकला न्हाईस तू. तुझं घरच हाय हे. देवाला काय म्हनून घालू साकडं? घरातनं बाहिर काढ म्हनून?"

कप्तानानं विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, आभार मानताहेत.

रविवारी रात्री झोपलो आणि मंगळवारी उठलो. पुढचा सोमवार वेळेवर आला. मी सकाळी जेवणघरात गेलो तर आत्या पावाला लोणी लावून खात होती.

"आत्या, आज सोमवार आहे."

"ठावं हाय. बस, खा."

मला इतका राग आला की मी खुर्ची ढकलून उठलो. अकरा सोमवार मी त्या उपासांना वैतागलो होतो आणि आता तिनं तोंडात घातलेला एक घास मला बघवत नव्हता. मला घरी बोलावणारं जगात एकच माणूस होतं. त्या माणसानंही हाक मारायचं थांबवलं होतं. पुढं सिडनी आलं, सिंगापूर आलं. आत्या शहाण्यासारखी बसमध्ये बसून सगळं बघून आली आणि मी केबिनमध्ये पडून राहिलो.

तिला सांगलीला सोडून मी पुन्हा बोटीवर गेलो. शेजारच्या मुलीकडून ती पत्रं लिहवून घ्यायची. हळदीचा भाव, उसाची तोड, कुणाचं बारसं. घरी ये, हा शब्द एकाही पत्रात नाही. वर्षभर मी ते सहन केलं आणि राजीनामा देऊन टाकला.

दारात ट्रंक ठेवली तेव्हा आत्या गहू निवडत होती.

"किती दिस हायस?"

"आता जाणार नाही."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लावणार. ती कडाडली, "मग तवा का बोलला न्हाईस? तुझ्यापायी देवाचं व्रत मोडलं की रं मी! आता त्येला काय तोंड दावू?"

"अगं, तुला हवं होतं तेच झालं ना?"

"असं फुकटात? त्येचे सोमवार कोन देनार?" तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "तू करायचेस. पैल्यापास्नं. समदे."

मी देव मानत नाही. दवाखाना नवा, त्यात सोमवारी सगळ्यांत जास्त गर्दी. उपाशीपोटी पेशंटांवर मी इतका खेकसायचो की दोघेतिघे दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. तरी केले. ओळीनं सोळा केले. एकही चुकवू दिला नाही तिनं.

त्यानंतर आत्या बरीच वर्षं जगली आणि रोज काही ना काही काढून माझ्याशी भांडली. मी औषधं महाग देतो, फी सोडून देतो, वेळेवर जेवत नाही, लग्न केलं ते उशिरा केलं. शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी बसलो तर तेही तिला खपेना. "हितं काय बसलायस? भाईर पेशंट परत चाललेत," असं सारखं पुटपुटत होती. मी म्हटलं, जाऊ देत. तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि माझा हात धरून ठेवला. ती गेली, तेव्हा मी घरी होतो.